ओटला, अंगणवाडी आणि अहिल्याबाईंची खासगी

कृष्णपुरा (धागा सुरू)

परवा आमच्या रहवासी संघाच्या बैठकीत एका शेजारणीनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "ताई, तुम्ही देवाच्या विरोधात आहात का?" मी या कॉलनीत २६ वर्षं राहते. दर चैत्रात त्याच देवळात माझं हळदीकुंकू असतं. तिथे मला उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर रात्रभर सुचत राहिलं, म्हणून इथे लिहिते आहे.

झालं असं. कॉलनीच्या नकाशात एक जागा अंगणवाडी आणि बगिच्यासाठी सोडलेली आहे. काही वर्षांपूर्वी निवडणुकीच्या तोंडावर तिथे एक ओटला उभा राहिला. मग मूर्ती बसली, वर लोखंडी शेड आली, शेडवर निधी देणाऱ्याची पाटी लागली. अंगणवाडी तेव्हापासून मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत आहे. दहा बाय बाराची खोली, एक खिडकी. पोषण आहाराची पोती भिंतीशी रचलेली, उरलेल्या सतरंजीवर मुलं. वजनकाटा टांगायला हूक नाही, म्हणून कार्यकर्ती तो दाराच्या चौकटीला अडकवते. पावसाळ्यात मुलाचं वजन घ्यायचं तर दार उघडं ठेवावं लागतं आणि काट्याच्या झोळीत बसलेल्या पोराच्या पायांवर पाऊस येतो. हे मी स्वतः पाहिलं आहे.

बैठकीत मी दोनच गोष्टी विचारल्या. रामनवमीची वर्गणी किती जमली, खर्च किती झाला? आणि शेडमागची मोकळी जागा अंगणवाडीला देता येईल का? त्यावर वरचा प्रश्न आला.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. धर्म राजकारणात असावा की नसावा, यावर निबंध लिहून घेतले. आता वाटतं, तो प्रश्नच अर्धा होता. आपल्यासारख्या देशांत धर्म राजकारणात आहेच आणि तो रस्ते, विहिरी, शाळा, दवाखाने यांच्यापर्यंत पोचलेला आहे. पाहायचं ते एवढंच, की त्याला हिशोब विचारता येतो का.

आपल्या इंदूर शहरानं हे फार जवळून पाहिलं आहे. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ महेश्वराहून राज्य केलं. काशी, सोमनाथ, गया, हरिद्वार, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, मंदिरं बांधली. हा दानधर्म प्रामुख्यानं खासगीतून, म्हणजे घराण्याच्या स्वतःच्या मिळकतीतून झाला. होळकरांच्या घरात दौलत, म्हणजे राज्याचा खजिना, वेगळी आणि खासगी वेगळी, हा भेद पाळला जाई. बाई स्वतः वह्या पाहत. आज आपण त्यांचं नाव घेतो ते देवळांसाठी. त्या वह्यांची आठवण कुणी काढत नाही.

आणि याच शहरात ३० मार्च २०२३ला, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरात विहिरीवर टाकलेली फरशी हवन चालू असताना खचली आणि ३६ माणसं गेली. त्याआधी महापालिकेनं बांधकाम हटवायची नोटीस दिली होती आणि धार्मिक भावना दुखावतील असं उत्तर गेलं होतं, हे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. त्या दिवशी आत होते ते भाविकच. बायका होत्या, मुलं होती. "भावना दुखावतील" या दोन शब्दांपाशी कागद थांबतो आणि जीव भक्तांचाच जातो. मला हे सहन होत नाही.

इतर देशांत काय अनुभव आहे? ज्यांनी पाहिलं, वाचलं, काम केलं, त्यांनी लिहा. नुसती शेरेबाजी नको.

जलवाहिनी

ताई, मी पाणी आणि मलनिस्सारणाच्या कामात आयुष्य काढलं. एक उदाहरण देतो, ते तुमच्या आयडीच्या नावापासूनच सुरू होतं.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या, म्हणजे होळकरांच्या समाध्यांच्या, मागून जी नदी वाहते तिला आपण लहानपणापासून खान म्हणतो, कागदावर कान्ह. इंदूरचं सांडपाणी पिढ्यान् पिढ्या तिच्यात जात आलं. ती उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते. म्हणजे आपल्या मोऱ्यांचं पाणी रामघाटावर तीर्थ म्हणून अंगावर घेतलं जात होतं. नोकरीतली कितीतरी वर्षं आम्ही नाला टॅपिंगचे, म्हणजे नाल्यांचं सांडपाणी नदीआधीच अडवायचे, प्रस्ताव पाठवले, ते पडून राहिले. पैसा हलला तो सिंहस्थ जवळ आल्यावर. २०१४मध्ये नर्मदेचं पाणी क्षिप्रेत आणलं. २०१६च्या सिंहस्थाआधी कान्हचं पाणी त्रिवेणीच्या अलीकडेच वळवून घाटांच्या पलीकडे, कालियादेहकडे सोडणारी पाइपलाइन टाकली. कबीटखेडीला सांडपाणी शुद्ध करणारा २४५ एमएलडीचा, म्हणजे दिवसाला २४५ दशलक्ष लिटरचा, प्लांट आहे. शहरात नदी-नाल्यांत सांडपाणी सोडणारे हजारो आउटफॉल बंद झाले आणि इंदूरला सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी वॉटर प्लस म्हणून गौरव मिळाला. आता २०२८च्या सिंहस्थासाठी पुन्हा कान्हवर मोठं काम चाललं आहे.

म्हणजे पर्वणीच्या तारखेनं ते करून घेतलं जे आमच्या फायलींनी झालं नाही. ५ जानेवारी २०१९ची शनी अमावास्या आठवा. क्षिप्रेत पाणी नव्हतं, लोकांनी चिखलाच्या पाण्यात अंघोळी केल्या आणि पुढे कलेक्टर आणि विभागीय आयुक्त दोघांची बदली झाली. पिण्याच्या पाण्याच्या एका खाड्यासाठी इतक्या तडकाफडकी बदल्या झालेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.

पण दुसरी बाजूही सांगतो. पाणी वळवणं म्हणजे साफ करणं नव्हे. घाट वाचले, घाटाखालच्या गावांना तेच पाणी. त्या गावांत पर्वणी नाही. धर्माच्या तारखेला काम होतं तेव्हा ते तारखेपुरतं आणि जागेपुरतं होण्याचा धोका असतो. इंजिनिअर म्हणून मला हेच खुपत राहिलं.

नर्मदेहर

विषय चांगला आहे, पण सुरुवात देवळापासूनच का? मी रोज सकाळी खजराण्याच्या गणपतीला जातो. तिथल्या निर्माल्याचं खत होतं, ते आपल्या सफाईच्या कामाचाच भाग आहे, ते कुणी लिहिलं नाही.

२०२१चा एप्रिल आठवा. शहरात बेड नव्हता. खंडवा रोडवर राधास्वामी सत्संगाच्या परिसरात माँ अहिल्या कोविड केअर सेंटर उभं राहिलं. माझे वडील तिथे ११ दिवस होते. ते विशाल शेड, रांगेनं पलंग, चहाच्या वेळी चहा. त्या जागेला एवढं छत, एवढे नळ आणि एवढी शिस्त आधीपासून होती, कारण तिथे सत्संगाला लाखांनी माणसं बसत. सरकारनं बांधायला घेतलं असतं तर लाट ओसरून गेली असती. वडील घरी परत आले. त्यामुळे धर्म म्हटलं की विकासाच्या आड येणारी गोष्ट, असं कुणी म्हणू लागलं की मला राग येतो.

आणि धर्मानं सत्तेला प्रश्न विचारलेलं चालतं की नाही? एल साल्वादोरचे आर्चबिशप रोमेरो यांनी सैनिकांना जाहीर सांगितलं की आपल्याच लोकांवर गोळ्या झाडू नका. दुसऱ्या दिवशी, २४ मार्च १९८०ला, प्रार्थना चालू असताना त्यांना गोळी घातली. तेही धर्माचं राजकारणच होतं. आपले गाडगेबाबा घ्या. आधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचं, रात्री कीर्तन. देऊळ न बांधता धर्मशाळा बांधल्या.

कृष्णपुरा

नर्मदेहरभाऊ, वडील बरे होऊन घरी आले हे वाचून फार बरं वाटलं. माझी नणंदही तिथेच होती.

तुमचं म्हणणं मला मान्य आहे. त्या शेडमध्ये पलंगांचा आकडा रोज जाहीर होत होता, कुणालाही विचारता येत होतं. मी तेवढंच मागते आहे.

दोन_थेंब

पोलिओच्या कामावर असताना मी मुरादाबादकडे देखरेखीला होते. तिथलं लिहिते.

प्रत्येक घराच्या भिंतीवर खडूनं खूण करायची. सगळी मुलं झाली तर पी, राहिली किंवा नकार आला तर एक्स. काही गल्ल्या अशा होत्या की ओळीनं एक्स, एक्स, एक्स. बायका दार अर्धं उघडून सांगायच्या, मुलगा मामाकडे गेलाय. आतून त्याच्या रडण्याचा आवाज यायचा. अफवा एकच होती, या थेंबांनी पुढे मुलं होत नाहीत. पण त्या अफवेखाली खरा राग वेगळा होता. एका आजीनं मला धरून विचारलं, "नाली सहा महिन्यांपासून तुंबलीय, तिला कोणी येत नाही. दाई बोलावली तर येत नाही. आणि थेंब पाजायला महिन्याला दोनदा दारात? यात काहीतरी आहेच." मला उत्तर देता आलं नाही, ती बरोबर बोलत होती.

नंतर काम पालटलं. मशिदीच्या भोंग्यावरून मोहिमेचा दिवस पुकारला जाऊ लागला. इमामसाहेबांनी स्वतःच्या नातवाला चौकात थेंब पाजले. जामिया मिल्लिया आणि अलीगढ विद्यापीठाची माणसं येऊन बोलली. त्याच वस्तीतल्या मुली घरोघर जाऊ लागल्या, सोबत जुलाबाची पाकिटं, साबण, बाकीच्या लसींची माहिती. हळूहळू एक्सचे पी झाले. २००९मध्ये देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११चा, हावड्याचा. २७ मार्च २०१४ला आपल्याला प्रमाणपत्र मिळालं.

याच गोष्टीची उलटी बाजू नायजेरियात. २००३मध्ये कानो राज्यात धर्मगुरूंनी लशीवर संशय घेतला, तिथल्या राज्य सरकारनं राजकारणासाठी तो उचलून धरला आणि मोहीम सुमारे ११ महिने बंद राहिली. विषाणू तिथून देशोदेशी गेला, अगदी इंडोनेशियापर्यंत. शेवटी मुस्लिम देशात, इंडोनेशियातच, तयार झालेली लस आणल्यावर तिथल्या नेत्यांनी ती स्वीकारली.

मला यातून एक कळलं. लोक इमामाचं ऐकतात, कारण तो बाळाच्या कानात अजान द्यायला येतो आणि मयतालाही येतो. सरकार या दोन्ही वेळी नसतं. ती जागा सरकारनं रिकामी ठेवली असेल तर तिथे कोण बसलं याची तक्रार सरकारला करता येत नाही.

दांडियाबाजार

वडोदऱ्याहून लिहितोय. इंदूरकरांनी अहिल्याबाई सांगितल्या, मग आम्हाला सयाजीराव सांगायलाच हवेत.

महाराजांनी धर्म टाळला नाही, त्याला शिस्त लावली. सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी १८९३ला अमरेली तालुक्यात, मग १९०६ला सगळ्या राज्यात. बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९०४चा. आणि १९१५चा पुरोहितांचा कायदा: पौरोहित्य करायचं तर परीक्षा द्या आणि यजमानाला समजेल अशा भाषेत विधीचा अर्थ सांगा. माझ्या पणजोबांच्या पिढीत यावरून केवढा गदारोळ झाला असेल! मला मात्र हा कायदा फार आवडतो. देवाच्या नावानं जे चाललंय ते मला कळलं पाहिजे, एवढा हक्क त्यानं साध्या गृहस्थाला दिला.

पण राजाच्या हुकमाची मर्यादाही याच गावात दिसते. तुमच्या महूत जन्मलेले बाबासाहेब गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ला कोलंबियाला गेले. १९१७ला करारानुसार नोकरीला वडोदऱ्यात आले, तर त्यांना गावात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावानं तिथूनही काढलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून त्यांनी तो दिवस काढला. मी लहानपणी त्या बागेत आगगाडीत बसायला जायचो, कुणी मला ही गोष्ट सांगितली नव्हती. आता तिथे संकल्पभूमी आहे. महाराजांचा कायदा शाळेपर्यंत पोचला, घरमालकाच्या दारापर्यंत पोचला नाही.

पासबुक

बँकेतला माणूस आहे, पैशाचं सांगतो.

पाकिस्तानात झिया उल हक यांनी १९८०मध्ये जकात सरकारी केली. रमजानच्या पहिल्या दिवशी बचत खात्यांतून अडीच टक्के आपोआप कापायचे आणि गरिबांना वाटायचे. वाचायला छान वाटतं. शिया समाजानं इस्लामाबादेत मोठं आंदोलन केलं, आमच्या फिकहप्रमाणे (धर्मशास्त्राप्रमाणे) सरकारला हा अधिकार नाही म्हणून, आणि त्यांना सूट द्यावी लागली. मग काय झालं? श्रद्धाळू सुन्नी खातेदारसुद्धा रमजानच्या आदल्या दिवशी पैसे काढून आणू लागले. रमजान संपला की परत भरायचे. हीच माणसं स्वतःच्या हातानं जकात देत होती, गल्लीतल्या विधवेला, मदरशाच्या मुलांना. देण्याची दानत होतीच. सरकारनं हात घातला तेव्हा विश्वास गेला.

आपल्याकडे उलट दिशेनं तीच गोष्ट होते. देवस्थानाचा पैसा राजकारण्याच्या हातात आणि राजकारण्याचा निधी देवस्थानात, दोन्ही एकाच पिशवीत. अहिल्याबाईंच्या खासगीचंच बघा. त्या मालमत्तांसाठी पुढे ट्रस्ट झाला, त्याचे वाद कोर्टात गेले आणि २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या ट्रस्टलाही मध्य प्रदेशचा १९५१चा सार्वजनिक न्यास कायदा लागू होतो. म्हणजे नोंदणी आणि हिशोब आले. अडीचशे वर्षांपूर्वी ज्या बाई स्वतः वह्या तपासत, त्यांच्या दानाचा हिशोब ठेवा हे सांगायला देशाचं सर्वोच्च न्यायालय लागलं.

होळकर_कॉलेज

मी सांख्यिकीची विद्यार्थिनी आहे, इथे सगळ्यांत लहान असेन. इराणचं लिहू का?

१९७९च्या क्रांतीनंतर तिथे कुटुंबनियोजन मागे पडलं. १९८०च्या दशकाच्या मध्यात दर बाईमागे सहाच्या वर मुलं. इराकशी युद्ध संपलं, तिजोरी रिकामी, मग १९८९ला त्याच धार्मिक राजवटीनं कार्यक्रम सुरू केला. धर्मगुरूंनी साधनं वापरायला हरकत नाही असे फतवे दिले, खेडोपाडी आरोग्यघरांतून साधनं फुकट, लग्नाआधी जोडप्याला वर्ग सक्तीचा. मुलीही शाळेत जाऊ लागल्या होत्या. २०००च्या सुमारास आकडा दोनच्या आसपास आला. इतकी झपाट्यानं घट जगात फार थोड्या ठिकाणी झाली.

आणि २०२१मध्ये त्याच राजवटीनं लोकसंख्या वाढवायची म्हणून कायदा केला, सरकारी दवाखान्यांतून फुकट साधनं बंद. दोन्ही वेळा आधार धर्माचाच घेतला. दोन्ही वेळा ज्यांना मूल होणार त्यांना कुणी विचारलं नाही. मैत्रिणींशी बोलताना मी म्हणते की फतवा आपल्या बाजूचा असला तरी मला भीतीच वाटते.

नर्मदेहर

होळकर_कॉलेज, बेटा, लहान म्हणून मागे राहू नकोस, उत्तम लिहिलंस.

दोन दिवस विचार केला. श्रीलंकेत माझा भाऊ काही वर्षं होता, त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, तिथे एकाच बौद्ध धर्माच्या दोन वाटा दिसतात. १९५८मध्ये आरियरत्ने नावाच्या शिक्षकानं विद्यार्थ्यांना घेऊन खालच्या मानलेल्या जातीच्या एका गावात श्रमदान केलं. विहिरी, संडास, रस्ते. त्यातून सर्वोदय श्रमदान चळवळ झाली, हजारो गावांत पोचली. आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, १९५६ला, भिख्खूंचा पाठिंबा घेऊन भंडारनायके निवडून आले, एकट्या सिंहलीला राजभाषा करणारा कायदा झाला. १९५९ला एका भिख्खूनंच त्यांना गोळी घातली. १९७२च्या राज्यघटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान आलं, १९८३ ते २००९ तमिळ बंडखोरांशी यादवी युद्ध. भाऊ म्हणतो, पहिल्या वाटेवरचा भिख्खू कुदळ घेऊन तुझ्या बांधावर येतो, दुसऱ्या वाटेवरचा मंचावर नेत्याशेजारी बसतो.

ताई, माझा रोख तुमच्यावर नव्हता. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात दर एकादशीला फळ्यावर खडूनं जमा-खर्च लिहितात. तेलाचे किती, पुजाऱ्याचे किती, लाइट बिल किती, अगदी फाटक्या नोटा किती आल्या तेही. माझे आजोबा लिहायचे, आता मी लिहितो. कुणी मागितला म्हणून नाही, लिहायचाच असतो म्हणून. तुमच्या कॉलनीत तो फळा लावायला मी स्वतः येतो. माझ्या कपाळावर टिळा असतो, मला कुणी देवाच्या विरोधात आहेस का असं विचारणार नाही.

कृष्णपुरा

भाऊ, जरूर या. डोळ्यांत पाणी आलं वाचून.

आज त्या शेजारणीकडे गेले होते. तिची नात त्याच अंगणवाडीत जाते, हे मला माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, चल, आज वजनाचा दिवस आहे. ती पहिल्यांदा आत आली. नातीला झोळीत बसवताना दाराचा कोपरा तिच्याच कोपराला लागला. बराच वेळ काही बोलली नाही. निघताना म्हणाली, "शेडच्या मागची जागा किती आहे हो?"

मोजली तर पाहिजे. जलवाहिनीकाका, नकाशा कुठे मिळेल?

जलवाहिनी

मंजूर ले-आउटची प्रमाणित प्रत नगर आणि ग्राम निवेश कार्यालयातून मिळेल. कॉलनीचं नाव जुन्या कागदांत वेगळं असू शकतं, म्हणून खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) घेऊन जा. अर्जावर एकटीची सही नको, तुम्ही दोघींनी करा. न्यास नोंदवलेला असेल तर हिशोबाची प्रत कलेक्टर कचेरीतून मागता येते, निबंधक तेच. नसेल नोंदवलेला, तर आधी ते लेखी घ्या.

शनिवारी सकाळी टेप घेऊन येतो. ३० मीटरची आहे, दुसरं टोक धरायला कुणीतरी लागेल.